सईदचं लाल कुलूप

सव्वीस वर्षं माझा नवरा कुवेतमध्ये होता आणि सव्वीस वर्षं मी त्याच्या येण्याची वाट पाहिली. एप्रिलमध्ये तो कायमचा आला. जून उजाडेपर्यंत मी त्याच्या बाहेर जाण्याची वाट पाहायला लागले होते. खोटं कशाला बोलू?

बाहेर म्हणजे परत कुवेतला नव्हे. नाक्यापर्यंत, मशिदीपर्यंत, नावेदच्या दुकानापर्यंत, कुठेही. सकाळी दहा ते एक माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला नाही तरी पुरे होतं. पण सईद उभाच. हात मागे बांधलेले, नजर वर पत्र्याकडे, मग खाली गॅसच्या नळीकडे, मग परत वर. साइटवर फिरायचा तसा.

तिकडे त्याचं काम परांच्या तपासायचं होतं. रिफायनरीत उंच टाक्यांभोवती लोखंडी परांच्या बांधतात आणि त्यावर चढून माणसं काम करतात. सईद प्रत्येक परांची हलवून, ठोकून बघायचा आणि ठीक असली की तिला हिरवा टॅग लावायचा. टॅगवर त्याचं नाव, आजची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख, बरोबर सात दिवसांनंतरची. सात दिवस उलटले की टॅग बाद, मग परांची कितीही मजबूत असो, कोणी चढायचं नाही. काही खराब असेल तर लाल टॅग. आणि मशीन बंद ठेवून दुरुस्त करायचं असेल तर लाल टॅगबरोबर लाल कुलूप. ते कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. चावी एकच, ती त्याच्या खिशात. दुसऱ्या कोणी कुलूप तोडलं तर कंपनी त्याला दुसऱ्या दिवशी विमानात बसवून मायदेशी पाठवायची, मग तो साहेब असो की हमाल.

हे सगळं मला पाठ झालं आहे, कारण सईद येताना खजूर आणि दोन ब्लँकेटांबरोबर टॅगांचा एक गठ्ठा आणि सहा लाल कुलुपं घेऊन आला.

पहिला लाल टॅग माझ्या मिक्सरला लागला. वायरीला चीर होती. ती चीर मला ठाऊक होती, चार वर्षं मी तिच्यासकट वाटण वाटत होते. मग कुकरच्या शिट्टीला. मग माळ्याच्या शिडीला. शिडीची एक पायरी बदलून त्याने तिला हिरवा टॅग लावला आणि दर मंगळवारी तपासून नवी तारीख घालायला सुरुवात केली. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला आम्ही दहा दिवस रत्नागिरीला निघालो. दारात गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हा माणूस माळ्याखाली शिडीचा टॅग सोडवत बसलेला.

"आता तो कशाला काढताय?" मी विचारलं.

"मंगळवारी मी हितं नाय. ज्या तारखेला मी हजर नाय, ती तारीख लिहून सही कशी ठेवू? ते खोटं झालं."

"शिडी काय पळून जानार हाय?"

"शिडी नाय पळत. पण सही करनारा पळाला तर सहीला काय अर्थ?"

शेजारची हौसा कुंपणापलीकडून ऐकत होती. हौसाची भाताची खाचरं आमच्या परसाला लागून आहेत. मला सख्खी बहीण नाही, जी आहे ती हौसाच. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "आमनाभाभी, तुला पन एक टॅग लावून घे गो. तुझी तारीख किती उरली ती तरी कळंल."

मी पोट धरून हसले. पण गाडी हायवेला लागल्यावर मला सईदची दयाच आली. तिकडे त्याच्या एका सहीवर चारशे माणसं बिनघोर वर चढत होती. इथे त्याला कोणी काही विचारत नव्हतं. गावात भेटणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "सुट्टी किती?" सईद म्हणायचा, "आता कायमचा आलो." समोरचा म्हणायचा, "अच्छा, अच्छा," आणि पुढे चालू लागायचा. सुट्टीवर आलेल्या माणसाशी काय बोलायचं ते आमच्या गावाला माहीत आहे. कायमच्या आलेल्याशी काय बोलायचं ते माहीत नाही.

आणि मला तरी कुठे माहीत होतं? सव्वीस वर्षांत घर मी बांधलं, विहीर मी उपसली, लेकीचं, माहिराचं, लग्न मी केलं. माहिराच्या अब्बांनी फोनवर "बरं" म्हटलं. आता ते "बरं" म्हणणारं माणूस घरात हिंडत होतं आणि त्याला करायला एकही काम शिल्लक नव्हतं. पहाटे चारला उठायचा, कारण तिकडे चारला कंपनीची बस यायची. उठून कपडे करायचा, ओट्यावर बसायचा, परत आत यायचा. मला त्याची चीड यायची आणि चीड आल्याची शरमही वाटायची.

मग मीच त्याला सोसायटीच्या गळ्यात टाकलं.

सोसायटी म्हणजे आमच्या गावच्या गल्फवाल्यांनी काढलेली संस्था. कुवेत, दोहा, मस्कत, जिथे जिथे आमची पोरं आहेत तिथून वर्गणी काढून सहा वर्षांपूर्वी गावाला एक अँब्युलन्स घेतली. आमचं गाव हायवेवरच्या खांब गावाच्या पुढे आत आहे, रोह्याचा दवाखाना अर्ध्या तासावर, गाडीची गरज होतीच. गाडीवर सत्तावीस दात्यांची नावं रंगवली. नावांचा क्रम कसा असावा यावर व्हॉट्सॲपवर दीड महिना भांडण चाललं. पहिल्या वर्षी गाडी बरी धावली. मग ड्रायव्हर फैजल मस्कतला गेला आणि गाडी मदरशाच्या आंब्याखाली उभी राहिली. लग्नात बिर्याणीचे टोप नेण्यापुरती बाहेर निघायची. एरवी आत कोंबड्या अंडी घालायच्या. सोसायटी मात्र जोरात होती. अध्यक्ष नावेद, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, सगळे जागच्या जागी.

सईदने गाडी धुतली, कोंबड्या हाकलल्या, टायर बदलले. आणि मग त्याला वाटलं, गाडीचं झालं, आता सोसायटी दुरुस्त करावी. जुम्म्याच्या नमाजनंतर मिटिंग बोलावून त्याने विचारलं, "आपल्या सोसायटीचा मकसद काय?"

नावेद म्हणाला, "गाडी हाय की."

"गाडी मकसद नाय. गाडी कशासाठी?"

चार जुम्मे हा प्रश्न चालला. दोह्याचे लोक फोनवर, मस्कतचे लोक फोनवर. कोणी म्हणालं कौमची तरक्की, कोणी म्हणालं तालीम, म्हणजे पोरांचं शिक्षण. शेवटी कंटाळून सगळे ज्याला हो म्हणाले ते वाक्य सईदनेच लिहिलं होतं: 'गावातल्या कोणाही माणसाला, कधीही.' पेणहून पेंटर आणून त्याने ते गाडीच्या दोन्ही बाजूंना सत्तावीस नावांच्या वर लिहून घेतलं. मला ते वाक्य आवडलं. मी त्याला तसं सांगितलं नाही. आमच्यात अशा गोष्टी सांगायची सवय नव्हती.

ड्रायव्हर मिळेना. ज्याला गाडी येते तो धाटावच्या कंपनीत शिफ्टला, नाहीतर गल्फमध्ये. तेव्हा सईद मला म्हणाला, "तू शिक. मी नसलो तर कोनी तरी हवा." लायसन्स माझ्याकडे बारा वर्षं आहे. माहिराने हट्टाने रोह्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला घातलं होतं आणि त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आठ दिवस ईदगाहच्या मैदानात त्याने मला शिकवलं. नवव्या दिवशी रिव्हर्स घेताना गाडी ईदगाहच्या भिंतीला जरा टेकली. जराच. पण सईद असा ओरडला, "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!" की मदरशाची सगळी पोरं बाहेर येऊन उभी राहिली. मी चावी त्याच्या अंगावर फेकली आणि चालत घरी आले. तो विषय तिथे संपला.

सप्टेंबरमध्ये त्याच्या जुन्या कंपनीतून फोन आला. मोठं शटडाउनचं, म्हणजे रिफायनरी टप्प्याटप्प्याने बंद ठेवून दुरुस्त करायचं, काम होतं, दोन वर्षांचं, जुने तपासनीस परत हवे होते. वयाची अट अठ्ठावन्न आणि सईद सत्तावन्नचा. फोनवर तो म्हणाला, "नाय, नाय, आता झालं आपलं." पण फोन ठेवल्यावर तो अंगणात किती तरी वेळ येरझाऱ्या घालत होता आणि त्याची पाठ एकदम ताठ झाली होती. मी खिडकीतून पाहत होते. मला वाटत होतं की बाहेर जाऊन म्हणावं, जाऊ नका. आणि त्याच वेळी वाटत होतं, गेला तर मिक्सर तरी सुखाने चालेल. यातलं एकही मी बोलले नाही. महिनाभर ते दोन्ही विचार माझ्या डोक्यात एकमेकांशी भांडत राहिले आणि मी भांडी आपटत राहिले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सईदने गाडी तपासली आणि तिला लाल टॅग लावला. मागचा ब्रेकचा दिवा लागत नव्हता आणि आग विझवायच्या सिलिंडरची तारीख संपली होती. टॅगवर तेवढंच लिहिलं होतं, खाली सही. स्टिअरिंगमधून साखळी घालून ती खाली ब्रेकच्या पेडलला बांधली आणि तिला आपलं लाल कुलूप घातलं.

"उद्या पेणला जाऊन दिवा आनि सिलिंडर घेऊन येतो," तो म्हणाला.

"दिवा काय रोह्यात मिळत नाय?"

"पेणचा पार्टवाला ओळखीचा हाय."

"आनि मधेच कोनाला गाडी लागली तर? चावी ठेवून जा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची किडनी मागितली. "कुलपाची चावी देत नसतात, आमना. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. एका दिवसाचा तर प्रश्न हाय."

मंगळवारी सकाळी तो आंघोळ करून निघाला तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. मी चहाचा कप हातात धरून पाहतच राहिले. ब्रेकचा दिवा आणायला जाताना केस रंगवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. काखेत फाइल होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं.

साडेदहाला काळुरामचा आरडाओरडा ऐकू आला. काळुराम हौसाचा नवरा. त्यांची भातकापणी चालू होती. मी परसातून धावले तर हौसा बांधावर बसलेली, डावा पाय दोन्ही हातांनी धरून. पेंढी उचलताना खालून घोणस चावली होती. काळुरामने साप बघितला होता, चांगला मनगटाएवढा. पाय डोळ्यांदेखत सुजत होता.

"भाभी, गाडी काढा," काळुराम म्हणाला. "तुमची गाडी काढा ना."

मी सईदला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. सरकारी गाडीला फोन केला, तर जवळची गाडी हायवेवरच्या अपघाताला गेलेली, पाऊण तास लागेल म्हणाले. गावातली एकुलती रिक्षा भाडं घेऊन कोलाडला गेलेली. नावेद रोह्यात. काळुराम म्हणाला, मोटारसायकलवर मधे बसवून नेतो, आणि तेवढ्यात हौसाला उलटी झाली आणि ती एका बाजूला कलंडली. सईदला मी सातव्यांदा फोन लावला. बंद.

आंब्याखाली गाडी उभी होती. धुतलेली, चकचकीत. तिच्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, गावातल्या कोणाही माणसाला, कधीही. आणि काचेच्या आत लोंबणारा लाल टॅग. मी तो टॅग वाचला. दिवा आणि सिलिंडर. म्हणजे ब्रेक ठीक होते, टायर ठीक होते, इंजिन ठीक होतं. माझ्या डोक्यात अशी आग उठली की कानशिलं तापली. एका दिव्यासाठी!

गाडीची चावी मदरशाच्या खिळ्यावर असायची, ती मिळाली. पहार काळुरामच्या पडवीत होती, ती मीच आणली. कुलुपावर चार घाव घातले, त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. मग माझ्या लक्षात आलं की कुलूप कुवेतचं असलं तरी साखळी रोह्याच्या बाजारातली आहे. कडीत पहारेचं टोक घातलं, पाय गाडीच्या पायरीला लावला आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून पीळ दिला. दुसऱ्या झटक्याला कडी उघडली.

"भाभी, चालवनार कोन?" काळुरामने विचारलं.

"तुमी तिला आत घ्या. पाय हलू देऊ नका."

सायरनचं बटन दाबलं तर वायपर सुरू झाले. सायरनची वायर उंदरांनी केव्हाच खाल्ली होती. मी हॉर्नवर तळवा ठेवला आणि तो रोह्यापर्यंत उचलला नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर. नाक्यावर म्हशी आडव्या, खांबला खोदलेला रस्ता, कोलाडला समोरून ट्रक. मागून हौसाचा आवाज आला, अगदी बारीक.

"भाभी... तुला येतं काय गो चालवाया?"

"नाय."

"मंग?"

"गप पडून रहा. तुझी तारीख हाय अजून."

ती हसली की कण्हली ते कळलं नाही. एक गोष्ट मी नंतर कोणाला सांगितली नाही ती इथे सांगते. ते सहा महिने माझ्या डोक्यात जे काही सतत कुरकुरत होतं, तो राहणार की जाणार, मी आता कोणासाठी रांधते, माझं काय उरलं, ते सगळं त्या रस्त्यावर बंद झालं होतं. फक्त पुढचं वळण होतं. मला इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, आणि मागे हौसा मरायला टेकली असताना असं वाटावं याची मला भीती वाटली.

मला पस्तीस मिनिटं लागली. रोह्याच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी दोनला डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अजून तासभर गेला असता तर कठीण होतं." काळुराम तिथेच फरशीवर बसून रडायला लागला. मी बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसले.

सईद पाच वाजता आला. पेणहून परत येताना एसटी गडबला ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा त्याने फोन चालू केला, आणि माझे सतरा कॉल येऊन गेल्याचे मेसेज पाहून, नावेदला फोनवर विचारून, तिथून एका टेम्पोत बसून आला. काळे केस, घामाने कपाळावर रंगाचा ओघळ. काखेत फाइल तशीच. शर्टाच्या खिशातून पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले फोटो डोकावत होते.

"हौसा?" त्याने विचारलं.

"जगली."

तो दवाखान्याच्या भिंतीला टेकला. मी तुटलेली साखळी त्याच्यापुढे टाकली. कुलूप तिच्यात अजून तसंच होतं, बंद.

"दिवा आनला?" मी विचारलं.

त्याने फाइल दुसऱ्या काखेत घेतली.

"दिवा आनला काय विचारते मी."

"नाय. एजंटच्या हापिसात व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. फोन बंद ठेवायला सांगितलेला." मग तो खाली बघत म्हणाला, "पास झालो. पुढच्या बुधवारचं विमान हाय."

"माजं पन तिकीट काढा मग. कुलूप तोडनाऱ्याला विमानात बसवतात ना?"

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खाली वाकून साखळी उचलून ती उघडलेली कडी बघत राहिला. "हौसा मेली असती," तो म्हणाला. "माज्या खिशात चावी होती आनि ती मेली असती." आणि मग भर दवाखान्याच्या आवारात तो ढसाढसा रडला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. विमानतळावर सुद्धा नाही. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण माझा राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी ठेवला नाही.

शुक्रवारी सोसायटीची मिटिंग बसली, आमच्याच ओट्यावर. मी दाराआडून ऐकत होते. हौसा जगली याबद्दल सगळ्यांनी अल्लाचे आभार मानले आणि मग मूळ विषयाला हात घातला. परवानगी कोणी दिली? दोह्याचा उपाध्यक्ष फोनवरून म्हणाला, बाई माणसाने गाडी चालवली, ठोकली असती तर विम्याचं काय? मस्कतवाला म्हणाला, नियम करू, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. नावेद मान डोलावत लिहून घेत होता. सईद कोपऱ्यात बसला होता. मी वाट पाहत होते की तो आता बोलेल. तो बोललाच नाही.

मग मीच बाहेर गेले.

"नियम करायच्या आदी एक करा, नावेदभाय," मी म्हटलं. "गाडीवर जे लिवलंय ते पुसून टाका. नायतर चावी माज्या दाराबाहेरच्या खिळ्याला लावा. दोन्हीतलं एक करा. दोन सह्या मिळेपर्यंत साप थांबत नाय."

फोनमधला दोह्याचा माणूस "कोन बोलतंय? कोन बोलतंय?" विचारत राहिला. नावेदने फोन पालथा ठेवला. सईद उठला, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. माझा संताप संताप झाला. सबंध आयुष्यात एकदा, फक्त एकदा बाजूला उभा राहायचं होतं त्याने, आणि तेवढंही झालं नाही.

मी आत गेले आणि शिडी लावून माळ्यावरून त्याची मोठी बॅग खाली काढली. सव्वीस वर्षं ती मीच भरत आले. आंब्याचं लोणचं, सुकट, घरचा मसाला, पोह्याचे पापड, सगळं कुठे ठेवायचं ते माझ्या हातांना माहीत होतं. मी कपडे कोंबले. जा, म्हटलं, जा बाबा, तुझ्या परांच्या तिकडे वाट बघतायत. माझे डोळे वाहत होते आणि मी शर्टांच्या घड्या करत होते. अर्धी बॅग भरल्यावर लोणच्याची बरणी बांधायला प्लास्टिकची पिशवी सापडेना. काळुरामच्या घरी मिळेल म्हणून निघाले.

वाट आंब्याखालून जाते. गाडीच्या मागच्या बाजूला नवा दिवा बसवलेला होता. आत नवं सिलिंडर. म्हणजे काल आपण रोह्याला जाऊन येतो असं म्हणाला होता ते यासाठी. साखळी नव्हती, लाल कुलूप नव्हतं. स्टिअरिंगला हिरवा टॅग लटकत होता.

मी दार उघडून टॅग हातात घेतला. त्याच्या त्या ठोकळ्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. वाहन सुरक्षित. जबाबदार चालक: आमना. तपासनीस: सईद. आजची तारीख: ३१ ऑक्टोबर. पुढची तपासणी: ७ नोव्हेंबर. खाली सही.

मी ते दोनदा वाचलं. विमानाचा बुधवार पाच तारखेला होता. मी बोटांवर मोजलं, तरी बुधवार पाच तारखेलाच होता.

टॅग परत होता तसा लावला. घरी येऊन बॅगेतले कपडे काढले, कपाटात ठेवले, लोणच्याची बरणी फळीवर ठेवली. ओट्यावरची मिटिंग उठून गेली होती. दाराबाहेरच्या खिळ्याला गाडीची चावी लटकत होती. ती कोणी लावली, नावेदने की सईदने, ते मी विचारलं नाही. रिकामी बॅग उचलली आणि शिडीकडे निघाले तर सईद मागच्या दाराने आत आला. हाताला ग्रीस लागलेलं. त्याने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं चाललीस?"

"बॅग माळ्यावर टाकायला."

तो शिडीपाशी आला, सवयीने खालून वरपर्यंत नजर फिरवली. "हिची तारीख गेली. मंगळवारची तपासनी राहिली. चढू नको."

"मग खाली उभं रावा," मी म्हटलं, "आनि धरा."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली होती.